चोरओटी

सुलक्षणाकाकूंनी ट्राउटच्या तोंडातला गळ सोडवला, मासा बोटीच्या कडेला टांगलेल्या जाळीच्या पिशवीत टाकला आणि त्याच ओल्या हाताने मृणालिनीची हनुवटी वर केली.

"चेहरा उतरलाय तुझा. मळमळतंय का?"

"नाही काकू. ऊन लागतंय थोडं."

डिसेंबरचं ऊन काही लागण्यासारखं नव्हतं. चारी बाजूंना उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि मध्ये बांध घालून अडवलेलं हिरवं पाणी. फार्मचा मालक हिवाळ्यापुरते थंड पाण्यातले मासे आणून इथे सोडायचा आणि हौशी मंडळी पैसे मोजून ते पकडायला यायची. काकूंचे यजमान अंबादासकाका त्यातलेच. इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या त्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कंटेनर भरभरून मासे येत, आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस दोन मासे धरायला डोंगर चढून यायचा. आज त्यांनी प्रसन्नला आपल्या बोटीत घेतलं होतं आणि बायकांना दुसरी बोट दिली होती. मृणालिनीला तळ्याच्या मधोमध आणून बसवायची व्यवस्था तिच्या नवऱ्याची, प्रसन्नचीच होती.

"मी काकांना नाही सांगू शकणार," तो काल म्हणाला होता. "तू काकूंना सांग. त्या सांगतील त्यांना."

काकांचा माल सोडवायला दिवसभर पोर्टवरच्या भल्याभल्यांशी हुज्जत घालणारा प्रसन्न काकांसमोर भिजल्या मांजरासारखा व्हायचा. तशी मृणालिनी तरी कुठली शूर. कोल्हापूरच्या कॉलेजात तिला लेक्चररची जागा मिळाली होती. अकरा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घर सांभाळल्यानंतर कुणीतरी तिला तिच्या विषयावरून बोलावलं होतं, आणि सोमवारी होकार कळवायचा होता. एवढं एक वाक्य. पण ते कुणाला सांगायचं, तर जिच्या बिल्डिंगमध्ये राहतो तिला. आभाच्या वेळी आई येऊ शकली नाही, तेव्हा काकूंनी बाळंतपण केलं, डिंकाचे लाडू वळले, रात्र रात्र पोर मांडीवर घेतली. काकूंची स्वतःची लेक शर्वाणी टोरांटोला. तेव्हापासून उम्म अल कुवैनमधलं काकूंचं घर म्हणजे मृणालिनीचं माहेर, असं काकूच सगळ्यांना सांगायच्या. भांडण असतं तर कधीच निघता आलं असतं. या मायेतून निघायचं कसं, ते तिला कळत नव्हतं.

"काकू, एक सांगायचं होतं."

"माहितेय मला." काकूंनी गळ पुन्हा पाण्यात सोडून रॉड बाजूला ठेवला. त्यांचे डोळे हसत होते. "काल प्रसन्नचा फोन आला ना ह्यांना. मृणालला काकूंशी प्रायव्हेट बोलायचंय, दोघींना एका बोटीत बसू दे म्हणाला. मी तेव्हाच ओळखलं. सकाळी गाडीत तू कॉफीला हातसुद्धा लावला नाहीस."

"तसं नाही..."

"कितवा लागला? तिसरा?"

काकूंनी तोवर पायाशी ठेवलेली पिशवी उघडली होती. मृणालिनीला वाटत होतं, त्यात धपाटे असतील. निघाला नारळ. मग खण, हळदीकुंकवाची डबी, सुपारी, पाच फळं आणि डब्यात तांदूळ.

"चोरओटी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणतात. घरी तर बघतेस, सारखं येणंजाणं. इथे कोण बघतंय? यल्ला, चल, पदर धर. पदर कुठला म्हणा, तुझी जीन्स. ही घे माझी ओढणी."

त्यांनी लाइफ जॅकेटच्या आतून ओढणी ओढून काढली, मृणालिनीच्या मांडीवर पसरली आणि तिची टोकं तिच्या दोन्ही हातांत दिली. कपाळाला कुंकू लागलं. ओटीत नारळ आला, खण आला, फळं आली. बोट एका बाजूला कलली तशी मृणालिनी घट्ट बसून राहिली. चारी बाजूंना पाणी, हातात ओटी, समोर काकूंचा उजळलेला चेहरा. उठून जायला जागा नव्हती. तिला रडू यायला लागलं.

"अगं, रडतेस काय? आनंदाची गोष्ट आहे. इन्शाल्ला, या वेळी आई आली नाही तरी मी आहे."

तांदळाची पहिली ओंजळ पडली. दुसरी, तिसरी. काकूंच्या गळाचं तरंगतं लाल बूच पाण्याखाली गेलं, रॉड बोटीच्या कडेवर खडखडला. दोघींपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.

चौथी ओंजळ पडल्यावर मृणालिनी म्हणाली, "काकू, मला दिवस नाही गेलेत. आम्ही परत चाललोय. कोल्हापूरला. मला तिथे नोकरी मिळालीय."

काकूंचे दोन्ही हात तांदळाच्या डब्यात होते, ते तिथेच राहिले.

"प्रसन्न पण?"

"हो."

"आभा?"

"हो काकू."

काकूंचा चेहरा एवढा म्हातारा मृणालिनीने कधी पाहिला नव्हता. रॉडची खडखड थांबली होती. मासा आमिष खाऊन निघून गेला असावा.

"कधी?"

"परीक्षा झाल्यावर. मार्च संपताना."

"नोकरी कसली?"

"शिकवायची. मायक्रोबायोलॉजी."

"अच्छा. तुला आवडतं ते." मग त्या म्हणाल्या, "शर्वाणी गेली ना, तेव्हा एअरपोर्टवर तिच्या बॅगा जड भरल्या. सामान काढ, घाल, काढ, घाल. त्या गडबडीत ओटी भरायची राहिली. नारळ परत घरी आणला मी."

त्यांनी ओंजळ वर काढली. थोडे तांदूळ बोटीत सांडले. पाचवी ओंजळ त्यांनी नीट, सावकाश, मृणालिनीच्या ओटीत ओतली.

"मुलगी जाताना पण ओटीच भरतात. चार दाणे माघारी टाक. माझा डबा रिकामा नको."

मृणालिनीने एका हातात ओढणीची दोन्ही टोकं धरली आणि चिमूटभर तांदूळ डब्यात टाकले.

पलीकडच्या बोटीतून अंबादासकाकांनी हाक मारली. त्यांच्यामागे प्रसन्न मान खाली घालून गळाशी उगाच खटपट करत होता.

"काय गं, सांगितली का बातमी?"

"सांगितली," काकू ओरडून म्हणाल्या. "चांगली आहे. घरी गेल्यावर सांगते तुम्हाला."

मग त्यांनी जाळीच्या पिशवीची नाडी एकदा तपासली आणि वल्ह्यांकडे पाहिलं. येताना मृणालिनीनेच बोट वल्हवली होती. आता ओटी सांडू नये म्हणून तिचे दोन्ही हात अडकलेले. काकूंनी वल्ही हातात घेतली. त्यांना ती धड धरताही येत नव्हती. बोट आधी जागीच एक गिरकी फिरली.

"तू बस," त्या म्हणाल्या. "मी नेते काठापर्यंत."