अब्वोलीच्या पेशी आणि मी

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना दुधाचा कॅन आठवतो. माझा आकार आहेच तसा. पोट गोल, मान अरुंद, दोन्ही बाजूंना कान. पण माझ्यात दूध ओतले तर त्याचा क्षणात दगड होईल. मी द्रवरूप नायट्रोजन साठवणारी टाकी आहे. मला दोन भिंती असतात, एकीच्या आत दुसरी, आणि त्या दोघींमधली हवा कारखान्यातच काढून घेतलेली असते. त्या पोकळीमुळेच माझ्या पोटातली थंडी बाहेर जात नाही. धडधाकट होते तेव्हा एकदा भरले की मी महिनाभर थंड राहत असे.

कारखान्यातून निघाले ती जहाजाने, मग मालगाडीने, मग ट्रकने युगांडातल्या फोर्ट पोर्टलला पोहोचले. तिथल्या गुरांच्या दवाखान्यात रुसोके नावाचे एक उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. गाईंना कृत्रिम रेतन करणे हे त्यांचे काम. चांगल्या वळूंच्या रेतमात्रा बारीक कांड्यांमध्ये भरून माझ्या पोटात ठेवलेल्या असत. रुसोके मला मोटरसायकलच्या मागे रबरी पट्ट्यांनी बांधत आणि चहाच्या मळ्यांतून, केळीच्या बागांतून वाड्यावस्त्यांवर जात.

आमच्या तोरो भागात प्रत्येकाला नावाखेरीज एक लाडाचे नाव असते. मोठ्या माणसालाही त्याच नावाने हाक मारतात, त्यात माया येते आणि मानही. रुसोकेंचे ते नाव अमूती. आम्ही दिसलो की बायका अंगणातूनच ओरडत, "अगं, गाय बांधून ठेव! अमूतींचा वळू मोटरसायकलवर बसून आला!"

रुसोके हसत नसत. "वळू दमलाय. आधी चहा पाजा," म्हणत.

त्या दिवसांत माझे कौतुक फार व्हायचे. माझे झाकण उघडले की पांढरा धूर मानेवरून खाली ओघळे आणि मुले टाळ्या वाजवत. संध्याकाळी घरी आल्यावर रुसोके मला ओल्या फडक्याने पुसत. त्यांची धाकटी मुलगी कोबुसिंगे शेजारी बसून लाकडी पट्टी माझ्या पोटात बुडवी, बाहेर काढून हवेत हलवी, आणि पट्टीवर बर्फ कुठपर्यंत धरला ते वाचून दाखवी. तिचे लाडाचे नाव अब्वोली.

ती नऊ वर्षांची असताना त्यांच्या घरचे एक वासरू अमाशूयोने गेले. गोचीड चावल्याने येणारा हा ताप. आधी कानाखाली गाठ सुजते, मग वासरू खाणे सोडते, धापा टाकते आणि जाते. अब्वोलीने त्या गाठीवर हात ठेवून विचारले होते, "अमूती, हिच्या आत काय चाललंय?"

"मला माहीत नाही," रुसोके म्हणाले.

"मग कोणाला माहीत आहे?"

"तेही माहीत नाही."

मला वाटते, बापाच्या त्या प्रामाणिक उत्तरानेच तिला पुढे कंपालाच्या विद्यापीठात नेले. पदवी झाली, पदव्युत्तर झाले, आणि ती पेशीशास्त्रात पीएच.डी. करू लागली. गोचिडातून आलेला तो जंतू गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि पेशीला सारखे दुभंगायला लावतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार. पेशी दुभंगते तेव्हा जंतूही तिच्याबरोबर दोन्हीकडे वाटला जातो. पण काही गावठी गाईंची वासरे यातून वाचतात. त्यांच्या पेशी जंतूचे ऐकत नाहीत का? हा तिचा प्रश्न होता.

तोवर रुसोके निवृत्त झाले होते. दवाखान्याने मला मोडीत काढले तेव्हा त्यांनीच मला मागून घेतले होते. अब्वोलीला पेशी गोठवून ठेवायला टाकी हवी होती आणि तिच्या प्रयोगशाळेतली मोठी टाकी इतरांच्या नमुन्यांनी भरलेली होती. "हिला घेऊन जा," रुसोके म्हणाले. बसमध्ये तिने मला सबंध वाटभर दोन्ही पायांत धरून ठेवले.

प्रयोगशाळेत सेबंजा नावाचे एक जुने तंत्रज्ञ होते. त्यांनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. "डॉक्टरबाई, ही तुमच्या आजीची का?"

"माझ्या बाबांची. आणि मी अजून डॉक्टर नाही, सेबंजा."

"ते रोज सकाळी मीच तुम्हाला विचारतो ना, झालात का म्हणून!"

दोन वर्षे ती गावोगाव हिंडली. आजारी वासरांच्या गाठीतून सुईने थेंबभर पाणी काढायचे, प्रयोगशाळेत आणून त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि छोट्या कुप्यांत भरून मला सांभाळायला द्यायच्या. वाचलेल्या वासरांच्या पेशी माझ्या पोटात टांगलेल्या डाव्या डबीत, मेलेल्यांच्या उजव्या. गावी गेली की शेजारणी विचारत, "अमूती, मुलगी अजून शाळेतच?" रुसोके शांतपणे सांगत, "हो. चार वर्षांत एकच गणित घातलंय. कठीण असणार."

मित्रांनो, आता मला जे सांगायचे आहे ते सांगताना माझी मान खाली जाते.

बावीस वर्षे मी खडबडीत वाटांवर आदळले होते. माझ्या मानेजवळच्या सांध्याला केसासारखी चीर कधी पडली ते मलाही कळले नाही. त्या चिरेतून माझ्या दोन भिंतींमध्ये हवा शिरू लागली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी अब्वोलीने मला काठोकाठ भरले. तेव्हा माझ्या खांद्यावर बाहेरून बर्फाचे एक पांढरे कडे धरले होते. निरोगी टाकीच्या अंगावर बाहेरून कधी बर्फ धरत नाही. मला बोलता येत नाही. बोलायची माझी ती एवढीच रीत होती.

अब्वोलीने ते पाहिले. बाहेर पाऊस होता, हवा दमट होती. तिने नखाने त्या बर्फावर लांब शिंगांची एक गाय काढली, स्वतःशीच हसली आणि गावची बस पकडायला धावली.

मंगळवारी ती परत आली. झाकण उचलले. धूर आला नाही. तिने पट्टी बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली. पट्टी कोरडी होती. महिन्याचा नायट्रोजन मी चार दिवसांत उडवून टाकला होता. दोनशे चौदा कुप्या होत्या. सगळ्या वितळल्या होत्या.

तिच्या मार्गदर्शक प्राध्यापक नाकिबूका आल्या. बाई कडक होत्या.

"किती गेल्या?"

"सगळ्या."

"सगळ्या हा आकडा नाही, कोबुसिंगे."

"दोनशे चौदा."

"आधी वहीत लिही. तारीख घाल. मग रड." आणि दार लावून घेता घेता त्या हळूच म्हणाल्या, "रडायला माझी खोली रिकामी आहे."

वाचलेल्या वासरांचे रक्त पुन्हा काढता आले असते. पण मेलेल्यांच्या पेशी कुठून आणणार? त्यांच्याशिवाय तुलना नाही आणि तुलनेशिवाय प्रबंध नाही. आठवडाभर ती प्रयोगशाळेत येऊन नुसती बसे. सेबंजांनी त्या आठवड्यात एकदाही 'डॉक्टरबाई' म्हटले नाही. शेवटी ते म्हणाले, "ही टाकी भंगारात देतो. डोळ्यांसमोर नको."

"नको. ती माझ्या बाबांची आहे. परत नेऊन देते."

या वेळी मी बसच्या टपावर होते.

रुसोकेंनी मला अंगणात उतरवून घेतले, फिरवून पाहिले आणि मानेजवळ अंगठा फिरवला. "चूक माझी," ते म्हणाले. "तुला म्हातारी टाकी दिली."

अब्वोलीने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "अमूती, मी बर्फ पाहिला होता."

"कुठे?"

"हिच्या खांद्यावर. जायच्या दिवशी. लहानपणी तुम्हीच शिकवलं होतं ना, बाहेर बर्फ दिसला की टाकी गेली म्हणून. मला आठवत होतं. पण बस निघणार होती. मी त्याच्यावर चित्र काढलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मॅडमनाही नाही."

तिला वाटले असेल, आता बाप काहीतरी बोलेल. मलाही तसेच वाटले. रुसोकेंनी माझे झाकण नीट बसवले. "मॅडमना सांग," ते म्हणाले. "उद्या फोन कर. आता जेवून घे, आईने फिरिंडा केलाय." फिरिंडा म्हणजे साल काढलेल्या घेवड्याचे तूप घातलेले घट्ट वरण. ते तिला जीव की प्राण. ती रडत रडत दोनदा वाढून घेऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी तिने खरेच फोन केला. पलीकडून प्राध्यापकबाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही. एवढेच दिसले की फोन ठेवल्यावर तिचे आखडलेले खांदे सैल झाले.

मग रुसोकेंनी पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात त्यांच्या कामाच्या डायऱ्या होत्या, बावीस वर्षांच्या बावीस. कोणती गाय, तिची आई कोणती, कोणत्या वळूची कांडी वापरली, कालवड झाली की गोऱ्हा. आणि पुढे कधी त्या घरावरून जाणे झाले तर वासराचे काय झाले तेही, कारण लोक सांगत आणि ते लिहून घेत. पुष्कळ ओळींपुढे एकच शब्द होता: अमाशूयो.

अब्वोली जमिनीवर बसून पाने उलटू लागली. अचानक थांबली. "अमूती, हा सतरा नंबरचा वळू."

"हं. गावठी होता. लोकांना नको असायचा. दूध कमी, म्हणायचे."

"त्याच्या वासरांपुढे हा शब्दच नाही. एकदा आहे फक्त. आणि या चाळीस नंबरच्या बघा, जवळजवळ प्रत्येक ओळीत."

अब्वोलीने दोन्ही वळूंच्या ओळींवर बोटे ठेवली. आतापर्यंत ती जे वासरू भेटेल त्याच्या पेशी घेत होती. कोण कोणाचे नातेवाईक हे तिला माहीतच नव्हते. आता तिच्यासमोर घराणीच्या घराणी मांडलेली होती. मेलेली वासरे परत येणार नव्हती, पण त्यांच्या बहिणी होत्या, बहिणींची वासरे होती.

"रक्त काढलं की त्यातला थोडा भाग तिथल्या तिथे गोठवावा लागेल," ती म्हणाली. "टाकी कुठून आणू?"

रुसोके माझ्याकडे पाहत म्हणाले, "ही किती वेळ टिकते?"

"भरली तर आता दीड दिवस. जास्त नाही."

"मग हिला दिवसभराचंच काम द्यायचं. संध्याकाळी नमुने दवाखान्याच्या टाकीत ठेवून रिकामी करायची. म्हाताऱ्या माणसाला आपण रात्रपाळी देतो का?"

मित्रांनो, एवढी मोठी चूक करूनही मला पुन्हा काम मिळाले! सत्तरीला टेकलेले रुसोके मोटरसायकल चालवत, मागे अब्वोली, आणि दोघांच्या मध्ये मी. अकीकी काबाहेंदा नावाच्या एका आजीबाईंकडे सतरा नंबरच्या वळूच्या पाच नाती होत्या. आजीबाईंनी गोठ्याच्या दारातच हात पसरले.

"काय गं अब्वोली, किती वेळा टोचणार माझ्या लेकींना?"

"शेवटचं, अकीकी."

"मागच्या महिन्यातही शेवटचंच होतं. त्यात काय सापडलं ते तरी सांग."

अब्वोली गोठ्यातल्या शेणावरच उकिडवी बसली आणि काडीने मातीत पेशी काढून दाखवू लागली. जंतू येतो, पेशीला म्हणतो, दुभंग. तुमच्या गाईंच्या पेशी थोड्या दुभंगतात आणि मग थांबतात. का थांबतात, ते शोधतेय.

आजीबाईंनी चित्राकडे नीट पाहिले. "माझ्यावर गेल्यात. मीपण कोणाचं ऐकत नाही."

हे वाक्य अब्वोलीने प्रबंधात घातले नाही, पण प्राध्यापकबाईंना सांगितले. सेबंजा म्हणतात, बाईंना खुर्चीतल्या खुर्चीत हसताना त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आणखी अडीच वर्षे लागली. तोंडी परीक्षेच्या दिवशी रुसोके लग्नातला कोट घालून कंपालाला आले. आत जायला त्यांना संकोच वाटला, म्हणून सेबंजांनी त्यांना प्रयोगशाळेत, तिथे परत आलेल्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसवले. दोन तास ते तिथे होते. एक हात सारखा माझ्या कानावर.

दार उघडले. प्राध्यापक नाकिबूका स्वतः आल्या. सगळ्या खोलीसमोर त्या या निवृत्त माणसापुढे दोन्ही गुडघे टेकून बसल्या, त्यांच्या भागातल्या बायका वडीलधाऱ्यांना नमस्कार करतात तशा.

"परीक्षकांनी विचारलं, वासरांची नाती तुला कशी कळली?" बाई म्हणाल्या. "तिनं सांगितलं, ती माझ्या वडिलांनी बावीस वर्षं लिहिली. परीक्षक म्हणाले, हा प्रबंध दोघांचा आहे. मी म्हटलं, पदवी मात्र एकीलाच मिळेल, नियम तसा आहे."

रुसोकेंनी डोळे पुसले आणि विचारले, "तिने टाकी कशी बिघडली, तेही लिहिलंय का?"

"पान एकसष्ट. बर्फ पाहिला होता, हेसुद्धा."

"मग ठीक," ते म्हणाले.

आता प्रयोगशाळेत नवी, चकचकीत टाकी आहे. ती घंटा वाजवून सांगते की नायट्रोजन कमी झाला. मी दाराशी असते. डॉक्टर कोबुसिंगेकडे नवा विद्यार्थी आला की पहिला आठवडा ती त्याला माझ्या स्वाधीन करते. मला सकाळी थोडेसे भरायचे, दर तासाला पट्टी बुडवायची, अंगावरून हात फिरवायचा आणि दिसेल ते वहीत लिहायचे. "चांगली टाकी कोणालाही सांभाळता येते," ती म्हणते. "आधी हिच्याशी ओळख करून घ्या." सध्या एक मुलगी आहे. ती हातमोजा काढून उलट्या बोटांनी मला चाचपते, आई मुलाचा ताप पाहते तशी.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशा कितीतरी गोष्टी असतील, ज्या काम करतात आणि बोलत नाहीत. त्या थकतात तेव्हा काहीतरी खूण करतात. कुठे थेंब, कुठे आवाज, कुठे नको तिथे बर्फ. ती खूण दिसली तर बस चुकली तरी चालेल, थांबा. आणि तुम्ही थांबला नाहीत, काही हातचे गेले, तर लपवू नका. तारीख घालून लिहा आणि जवळच्या माणसाला सांगा. मी लपवू शकले नाही, कारण मी रिकामी होते आणि ते सगळ्यांना दिसत होते. अब्वोलीला लपवता आले असते. तिने सांगितले, म्हणूनच ती पेटी पलंगाखालून बाहेर आली.

बरे, आता थांबते. अकरा वाजले. ती मुलगी पट्टी घेऊन येते आहे.