दगडफूलचा पाचवा भाग

पानशेतच्या पाण्याकाठी पिठलं-भाकरीचं हॉटेल चालवणारा कुमार एके काळी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा, असं सांगितलं की गिऱ्हाईक आधी त्याच्या ढेरीकडे बघायचं. पण खरं होतं. विंझरचा हा कुमार आणि भोरचा गायक प्रशिक, या दोघांच्या ‘दगडफूल’नं पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यातली कॉलेजं डोक्यावर घेतली होती. मग एका दुपारी प्रशिक इथंच, धरणात बुडाला. आता त्या बँडवर टीव्हीसाठी सहा भागांची मालिका निघाली होती, आणि पाचव्या भागातलं मरण त्याच काठावर चित्रित होत होतं.

हकिगत कुमारनंच पुरवली होती. प्रशिक ओरडला, कुमारनं उडी टाकली, केस हाताला लागले आणि निसटले. पोलिसांनी तेच लिहून घेतलं, पेपरांनी तेच छापलं. प्रशिकच्या आईनं, अंजनाबाईंनी, त्यावर विश्वास ठेवून कुमारला पोटच्या पोराची माया लावली. त्याच्या लग्नात त्या वरमाईसारख्या मिरवल्या. खरं काय ते एकट्या कुमारला ठाऊक होतं, आणि ते त्याला सुखानं दोन घास खाऊ देत नव्हतं. भर दुपारी, भाकरी थापताना, पाण्याकडून हाक यायची. तो हॉटेलातल्या टीव्हीचा आवाज वाढवायचा.

शूटिंग बघायला अंजनाबाई एसटी बदलत भोरहून आल्या. त्यांना खुर्ची मिळाली, कुमार शेजारी उभा राहिला. नटाला पाण्यातून ओढून काठावर उताणं निजवलं. तसाच भांग, तसाच पिवळा शर्ट.

“कट!” दिग्दर्शिका राजनंदिनी ओरडली. “आता हस रे कॅमेऱ्याकडे बघून.”

सिनेमावाल्यांची रीतच आहे ती. मरणाचा शॉट झाला की नटानं लगेच कॅमेऱ्यात बघून हसायचं, म्हणजे अपशकुन होत नाही. प्रेतानं डोळे उघडले, ते उठून बसलं आणि हसलं. कुमार कॅमेऱ्याच्या मागेच उभा होता, त्यामुळे ते हसू सरळ त्याच्या तोंडावर आलं.

अंजनाबाईंनी त्याचा हात धरला. “हसला बग माजा पोरगा. तू त्याच्यासाटी जीव धोक्यात घातलास, म्हून हसला.”

कुमारला ते सोसवेना. तो त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसला.

“मावशी, म्या उडी टाकलीच न्हाई. त्यो आमाला सोडून एकटाच मुंबईला गायला निगाला व्हता. लई भांडलो त्या दिवशी. त्यो बुडाय लागला, हाका मारल्या. मला चांगलं पवता येत व्हतं, पर मी हितंच बसून ऱ्हायलो. म्हनलं, मारू दे हाका. उठलो तवा पानी गप झालं व्हतं.”

अंजनाबाईंचा हात सुटला. त्या आता थोबाडीत मारतील असं त्याला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं.

“किती हाका मारल्या?”

“तीन.”

“काय म्हनला?”

“दोनदा कुम्या म्हनला.”

“आन् तिसऱ्यांदा?”

“आये म्हनला, मावशी.”

अंजनाबाई पाण्याकडे वळल्या.

“दरसाली तुला इचारलं, शेवटी काय म्हनला माजा पोरगा. तू म्हनायचास, काईच न्हाई.” त्यांचा आवाज चढला नाही. “ती हाक माजी व्हती, कुमार. ती बी तू ठिवून घेतलीस.”

त्या उठल्या आणि कुणाचाही हात न धरता एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या.