पांढऱ्या नळीचं पाणी

गोकुळनं फिल्टरच्या पोटातून पहिली कांडी बाहेर ओढली आणि जुन्या पेपरावर ठेवली. बसवली तेव्हा ती पांढरीशुभ्र होती. आता ती काळपट, बुळबुळीत झाली होती आणि तिला चक्क नालीचा वास येत होता.

दीपमालानं ओढणी नाकाला लावली. "हे आम्ही पितो?"

"हे नाय पीत तुम्ही, मॅडम. हे इथंच अडकतं," गोकुळ म्हणाला. फिल्टर दुरुस्तीचं काम करणाऱ्या माणसाला घरोघरी हाच प्रश्न ऐकावा लागतो, त्यामुळं त्याचं उत्तर तयार होतं. "नळ आला की अख्खी गल्ली मोटरी लावती. पाइपातलं पाणी ओढून झालं की मोटर काय थांबती का? फुटक्या जागेतून बाजूच्या नालीचंबी आत ओढती. तुमच्या गल्लीत मागं लाइन फुटली होती ना, त्याचा प्रसाद हाये हा."

ओट्याच्या टोकाला मनकर्णाबाई उभ्या होत्या, दीपमालाच्या सासूबाई. त्यांना या मशीनचं पहिल्यापासून वावडं, पण आत काय आहे ते बघायची हौस दांडगी. त्यांनी मान पुढं काढली.

"मंग या कांडीत जी घाण नाय मावली, ती कुठं जाती रे?"

"ती पुढं जाती, मावशी. आत एक बारीक पडदा असतो. खार, चुना, जंतू, जे काय पाण्यात इरघळलेलं असंल ते त्या पडद्यापाशी अडतं. चांगलं पाणी वर टाकीत जातं. अन् ती सगळी घाण घेऊन उरलेलं पाणी या पांढऱ्या नळीतून बाहेर पडतं."

पांढऱ्या नळीचं दुसरं टोक सिंकमधल्या बादलीत सोडलेलं होतं. बादली भरत आली होती आणि तिची कडी मनकर्णाबाईंच्या हातात होती.

मनकर्णाबाईंनी कडी सोडून दिली.

पाचोडला, गावाकडं असताना त्यांच्या दारासमोर रांजण असायचा. आठवडी बाजाराला खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, बैलं विकायला आलेले शेतकरी, बांगड्यावाल्या बायका, सगळ्यांना ठाऊक होतं की बाजारातून परत निघताना मनकर्णाबाईच्या दारात पाणी प्यायचं. त्यांचे मालक बद्रीनाथ म्हणायचे, गावात मला कोणी ओळखत नाही, रांजणवालीचा नवरा म्हणतात. यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं. मालक गेले आणि मुलगा सुदर्शन आईला शहरात, चिकलठाण्याच्या मागं नव्या वसाहतीतल्या आपल्या घरी घेऊन आला. पाचोडचं दार बंद झालं. बाईंचं सगळं इथं निगुतीनं चाललं होतं, पण दारावरून जाणाऱ्या माणसाशी बोलायला निमित्तच उरलं नव्हतं. माणसाला काहीतरी द्यायला लागतं हो, नुसतं बसून खायचं म्हणजे शिक्षाच.

त्यात ही पांढरी नळी. नळाला आठवड्यानं पाणी येतं, तेही येईल तेव्हा खरं, आणि इथं आरशासारखं पाणी सिंकमधून भळाभळा वाहून जातंय. बाईंना रात्रंदिवस तेच दिसायचं. सून म्हणाली, "आई, ते साठवा, फरशीला वापरू." मनकर्णाबाईंनी चार दिवस फरशी पुसली, झाडांना घातलं. मग त्यांच्यानं राहवेना. एवढं नितळ पाणी फरशीवर ओतायचं म्हणजे पापच की. त्यांनी छावणीच्या बाजारातून एक बेताचा रांजण आणवला, फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत वाळूवर बसवला, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं, वर पितळी ओगराळं ठेवलं. आणि त्या बादलीतलं पाणी त्यात ओतायला लागल्या.

सून बँकेत, मुलगा कंपनीत. दोघांना वाटलं, आई नळाचं पाणी भरते. बाईंनीही सांगितलं नाही. सांगितलं तर सून फरशीसाठी पाणी मागेल, एवढीच त्यांची भीती. बांधकामावरचे मजूर, पार्सल आणणारी पोरं, कोपऱ्यावरचा वॉचमन, येईल तो पिऊन जायचा. कोणी विचारलं तर त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, "पी बाबा, बिनघोर पी. फिल्टरचं हाये."

आणि दगडाबाई रोज घरी कॅन भरून न्यायची.

दगडाबाई त्यांच्याकडं भांड्याला यायची. तिच्या वस्तीला टँकरचं पाणी. तिच्या मुलाला, माऊलीला, मुलगी झाली तेव्हा ती बाळासाठी ते पाणी उकळून गार करून ठेवायची. "गॅस लई जातो, आक्का," असं एकदा बोलून गेली. तेव्हा मनकर्णाबाईच म्हणाल्या होत्या, "उकळतीस कामून? आपल्या रांजणातलं नेत जा. मशीनमधून आलेलं हाये, उकळायची काय गरज नाय."

आता बाळ सरकारी दवाखान्यात होतं. जुलाब थांबत नव्हते, अंगातलं पाणी गेलं होतं. दगडाबाई कामाला येत नव्हती. आणि आजच सकाळी माऊली मोटारसायकलवर आला होता, मीठसाखरेच्या पुड्या कालवायला पाणी पाहिजे म्हणून. डॉक्टरांनी बजावलं होतं, फिल्टरचंच पाणी वापरा. मनकर्णाबाईंनी आपल्या हातानं, सढळ हातानं, त्याचा कॅन काठोकाठ भरून दिला होता.

"हे पाणी कोणी पिलं तर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

गोकुळ हसला. "कोण पिणार, मावशी? दिसायला चकाचक दिसतं, पण नळाला जे औषध मारलेलं असतं तेबी मधल्या कोळशात निघून जातं. वरून दोन दिवस साठवलं तं जंतूंची चैन. मोरीला वापरायचं ते, माणसाला नाय."

दीपमाला सासूबाईंकडं बघत होती. मग खिडकीतून तिनं फाटकाकडं बघितलं. एक मजूर बाई ओगराळ्यानं पाणी पीत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "रांजणात कोणतं पाणी भरता तुम्ही?"

 मनकर्णाबाईंनी बादलीकडं नुसतं बोट दाखवलं.

पुढचं सगळं धावपळीत झालं. दीपमालानं बाहेर जाऊन रांजण कलंडला. दगडाबाईला फोन लावला, तो बंद होता. माऊलीचा नंबर कोणाकडंच नव्हता. मग तिनं सुदर्शनला लावला आणि सगळं सांगितलं. 

"आईला दे," तो म्हणाला. "आई, ऐक. सीलबंद बाटल्या घे आणि रिक्षानं जा. त्यांचा कॅन रिकामा कर, म्हण, हे जास्त चांगलं पाणी आहे. बास. बाकी अवाक्षर बोलू नको."

"आरं, पण मीच तं..."

"तू काय मुद्दाम केलंस का? आणि त्या पाण्यानंच झालं कशावरून? त्यांच्याकडं टँकरचं पाणी आहे, माश्या आहेत, शंभर कारणं असतात. माणसं चिडली म्हणजे कोणाचं ऐकत नाहीत, आई. उद्या दारात दगड घेऊन आले म्हणजे? मूग गिळून परत ये."

मुलगा म्हणत होता ते खोटं नव्हतं. मनकर्णाबाईंना तो आधार पटकन धरावासा वाटला, आणि वाटला याचीच शरम वाटली.

रिक्षात दीपमाला बाटल्यांचा खोका मांडीवर घेऊन बसली होती. जालना रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, "मला ठाऊक होतं ती नळी कसली आहे ते. रोज फाटकातून जाता-येता रांजण दिसायचा. एकदा तरी वाकून विचारायला काय झालं होतं मला?"

मनकर्णाबाईंनी तिचा हात धरला. करायला गेलो काय आणि झालं काय. आजवर त्या रांजणातून कोण कोण प्यायलं असेल याची मोजदाद करायला त्यांचं मन धजेना. ती माणसं आपापल्या वाटेनं निघून गेली होती, त्यांना गाठून सांगायची सोय नव्हती. पण हे एक बाळ कुठं आहे ते त्यांना माहीत होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दगडाबाई चादर अंथरून बसली होती. या दोघींना बघून ती लगबगीनं उठली. तिची सून निशा आत बाळापाशी होती, माऊली औषधाला गेला होता. चादरीच्या कडेला कॅन होता, अर्धा भरलेला.

"पोरीला पाजलं का यातलं?" मनकर्णाबाईंनी आधी तेच विचारलं.

"सकाळी कालवून दोन-चार चमचे दिलं, आक्का. टिकलं नाय. आता सलाइन लावलीया. डोळे उघडती, पण रडत नाय. रडली असती तं बरं वाटलं असतं."

दीपमालानं कॅन उचलला आणि व्हरांड्याच्या कडेच्या मोरीत रिकामा केला. दगडाबाई बघत राहिली. दीपमालानं खोक्यातल्या बाटल्या तिच्यापुढं ठेवल्या. "हे सीलबंद आहे, दगडाबाई. बाळाला आता हेच द्या."

इथपर्यंत सगळं सुदर्शननं सांगितलं तसंच झालं होतं. आता नुसतं, येतो गं, काळजी घे, म्हणायचं आणि निघायचं. दीपमाला पुढं काय होतंय याची वाट बघत उभी होती, सासूबाईंना ती काहीच सुचवत नव्हती.

मनकर्णाबाई चादरीवर खाली बसल्या.

"दगडाबाई, रांजणात मी जे पाणी भरत होते ना, ते फिल्टरचं नव्हतं गं. फिल्टर जी घाण बाहेर टाकतो, ते होतं. सिंकमधल्या नळीचं. मला साफ दिसलं म्हून मी पुण्य करायला निघाले. आज तो दुरुस्तीवाला आला तवा कळलं. मीच तुला म्हनले, उकळू नको. तुझ्या नातीला मी हे पाजलं."

शेजारच्या चादरीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. दीपमालानं डोळे पुसले आणि ती सरळ आत, सिस्टरकडं गेली. बाळाच्या पोटात कसलं पाणी गेलंय ते डॉक्टरांना कळायला हवं होतं.

दगडाबाई मान खाली घालून चादरीची चुणी सारखी करत होती. मनकर्णाबाई वाट बघत होत्या. ती शिव्या देईल, छाती बडवेल, अंगावर धावून येईल, काहीही करो. ती म्हणाली,

"ते फेकायचं पाणी हाये, हे मला ठावं होतं, आक्का."

मनकर्णाबाईंनी मान वर केली.

"रोज त्याच सिंकमधी भांडी घासती मी. नळीखाली बादली कोण लावतं, कुठं ओततं, दिसत नाय का? मला वाटलं, तुमचं पिऊन उरलेलं असंल. उरलेली पोळी देता, भाजी देता, तसं पाणी. मनाला थोडं लागलं पहिल्यांदा. पण आमच्या टँकरच्या पाण्यात गाळ दिसतो. तुमचं फेकायचंबी त्याच्याहून साफ दिसायचं." तिनं चादरीची चुणी सोडली. "तरी पोरीला मी उकळूनच देणार होते. तुम्ही म्हनलात गरज नाय, म्हून उकळलं नाय. तुम्ही कामून खोटं बोलाल, आक्का."

 मनकर्णाबाई आयुष्यभर पाणी वाटत आल्या होत्या. घेणाऱ्याला ते कसं लागतं, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

दीपमाला आतून आली. डॉक्टरांनी तपासण्या वाढवल्या होत्या, औषध बदललं होतं. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही म्हणाले. दगडाबाईनं ते ऐकून घेतलं आणि दोन्ही हात जोडून भिंतीकडं तोंड केलं. 

मनकर्णाबाई उठायला लागल्या. 

"बसा," दगडाबाई म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले, पिशवीतून स्टीलचा पेला काढला, बाटलीचं सील तोडलं आणि पेला भरला. "उन्हाच्या आलात. घ्या."

"आगं नको, पोरीसाठी आणलंय ते."

"पोरीला ठेवलंय. दवाखाना का असंना, माझ्याकडं आलात तुम्ही. कोरड्या तोंडानं कशी जाऊ देऊ?"

तिनं पेला पुढं धरला तो धरलाच. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि हात स्थिर होता. मनकर्णाबाईंनी दोन्ही हातांनी पेला घेतला.  व्हरांड्यातल्या सगळ्या बायकांसमोर, एक थेंब न सांडता, त्यांनी तो पेला शेवटपर्यंत प्यायला आणि रिकामा करून दगडाबाईच्या हातात दिला.