बारा शिलिंगांच्या नोटेवरचे टाके

झटका आला तेव्हा एलवुड स्टाउफरची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचेत एकच शब्द उरला : हो. भूक असली तरी हो, नसली तरी हो. पोटात नकाराचा डोंब उसळला तरी तोंडातून पडायचा तो हाच मेला शब्द. लँकेस्टरच्या डॉक्टरांनी लेकीला हे नीट समजावलं होतं. तिनं मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

वाढदिवसाला लेक मिरियम आणि जावई क्रेग शूफ्लाय पाय, म्हणजे काकवी भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आले. खाणं झालं, आणि क्रेगनं कपाटातून म्हाताऱ्याची लाडकी नोट काढली. न्यू जर्सीची, १७७६ची, बारा शिलिंगांची. मागे झाडाच्या पानाचा ठसा, खाली दम : नक्कल कराल तर मराल. मधोमध फाटलेली, आणि त्याच काळात कुण्या बाईनं निळ्या दोऱ्यानं शिवलेली. जन्मभर एलवुडनं अशा जुन्या नोटा जमवल्या, पण हिला कुणाला हात लावू दिला नाही. संग्राहकांच्या बैठकीत तो सांगायचा, सह्या बड्यांच्या आहेत, त्यांचे पुतळे झाले. टाके तिचे आहेत, तिचं एवढंच उरलंय.

क्रेगनं हे कधी ऐकलं नव्हतं. त्यानं जुन्या नोटा दुरुस्त करण्याचा व्हिडिओ बघितला होता.

"हा कळकट दोरा काढतो, मागून पातळ कागद चिकटवतो आणि फ्रेम करतो. जोड दिसणारसुद्धा नाही, एलवुड. चालेल ना?"

"हो," एलवुड म्हणाला. मग आवाज चढवून, "हो. हो. हो."

"बघ, किती खूश झालेत," मिरियम म्हणाली.

क्रेगनं नखं कापायची कात्री उचलली. एलवुडनं धडका डावा हात झोकून दिला. पाडायची होती कात्री; हात बसला कॉफीच्या मगावर. सगळी कॉफी नोटेवर.

कुणी रागावलं नाही. आजाऱ्यावर कोण रागावतं? त्याला माणसात धरलं असतं तर रागावले असते.

"असू दे हं, डॅड. आता दोरा काढून धुवायलाच हवी."

कात्री चालली. मिरियमनं कॉफी, पायचा चुरा आणि निळे तुकडे एकाच कागदानं पुसून कचऱ्यात टाकले. ताटलीतल्या पाण्यात नोट दोन तुकडे होऊन तरंगू लागली.

तिनं बापाचे डोळे पुसले. "आवडलं ना?"

एलवुडनं दात गच्च आवळले. तरी शब्द आलाच.

"हो."