‘ग’ म्हणजे मोजलेले

“मी नाही दाबणार,” लुबर्ट म्हणाला आणि माऊसवरचा हात काढून त्याने मांडीवर ठेवला.

पडद्यावर दोन बटणे होती. हिरवे ‘मान्य’, लाल ‘अमान्य’. चाचण्या एकूण साठ. सकाळपासून एकोणसाठ हिरव्या झाल्या होत्या. लुबर्टने त्या एकेक करून, शेजाऱ्याच्या कुत्र्याला कुरवाळावे तशा नाइलाजाने केल्या होत्या.

“काय बिघडलंय?” मार्लूसने विचारले.

“सतरा नंबरला पाणी एवढं खाली दाखवतंय. तिथं पाणी एवढं खाली कधीच नव्हतं.”

“कधीच?”

“त्रेचाळीस वर्षांत तरी नाही. त्याआधीचं माझ्या बापाला विचारा, पण तो मेलाय.”

मार्लूस हसली नाही. जुन्या वह्या आणि माणसांच्या डोक्यात असलेले सगळे संगणकात घालण्यासाठी चौदा महिन्यांपूर्वी जलमंडळाने तिला बाहेरून आणले होते. नव्या प्रणालीचे नाव ‘निर्मळ’. उद्या सकाळपासून तेवीस पंप ‘निर्मळ’च्या हाती जाणार होते. आजवर ते लुबर्ट चालवत होता. कुठला पंप कधी सुरू करायचा, कालव्यात पाणी किती ठेवायचे, हे त्याचे काम. नियम असा होता की शेवटचे बटण काम करणाऱ्यानेच दाबायचे. त्याशिवाय प्रणाली सुरू होत नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये केक आणून ठेवला होता. त्यावर निळ्या साखरेत ‘निर्मळ’ लिहिलेले.

“चौतीस बैठका झाल्या,” मार्लूस म्हणाली. “चौतीस! प्रत्येक बैठकीत सगळ्यांना विचारलं, कुणाची काही हरकत? तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.”

“बाहेर पाणी होतं.”

“इम्के तीन आठवडे तुमच्या शेजारी बसून होती. तिला का नाही सांगितलं?”

लुबर्टने प्रथमच माझ्याकडे पाहिले. “बसली होती खरी,” तो म्हणाला.

इम्के म्हणजे मी. भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावरची ही माझी पहिली नोकरी. माझे काम एकच: माणूस काय करतो ते पाहायचे, त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची चौकट काढायची, चौकटी बाणांनी जोडायच्या. प्रोग्राम लिहिणारे त्या चौकटींवरून प्रोग्राम लिहितात. त्यांनी लुबर्टला कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्यासाठी लुबर्ट म्हणजे माझ्या चौकटी.

मागच्या नोव्हेंबरात मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा त्याने मला खुर्ची दिली नाही, स्टूल दिले. मी माझा रिकामा कप टेबलावर ठेवला. त्याने थर्मासमधून झाकणात कॉफी ओतली, प्यायली आणि झाकण घट्ट फिरवून बंद केले. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही पहिल्यांदा कॉफी विचारतात. न विचारणे ही शिवी असते आणि ती तोंडाने द्यावी लागत नाही. तीन आठवडे माझा कप रिकामाच राहिला.

तरी पहिले दोन दिवस तो बोलत होता. “हा बघ, हा पंप हट्टी आहे, याला वाऱ्याआधी सुरू करायचा.” मी विचारायचे, किती आधी? तो म्हणायचा, “वाऱ्याआधी.” मी चौकटीत प्रश्नचिन्ह टाकायचे. तिसऱ्या दिवशी मी पिवळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावत होते. मला वाटले, तो फोनवर आहे. तो माझ्या मागे उभा होता आणि चिठ्ठी वाचत होता. चिठ्ठीवर माझ्या सुबक अक्षरात लिहिले होते: ‘लुबर्ट वहीत लिहितो. हाताचे काम. काढून टाकणे.’

“छान अक्षर आहे तुझं,” तो म्हणाला. त्यानंतर त्याने आपणहून एक शब्द सांगितला नाही.

त्याच्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे बारीक ‘ग’ असायचा. आम्ही इथे जी भाषा बोलतो तिच्यात झालेल्या कामाचा जवळजवळ प्रत्येक शब्द याच अक्षराने सुरू होतो. मोजलेले, सुधारलेले, पाहिलेले, अगदी थापा मारलेलेसुद्धा. मी त्याला विचारले होते, “हा ‘ग’ कशाचा?”

“तुझी पदवी काय म्हणते?”

“मोजलेले?”

“मग तसंच लिही की, बाईसाहेब.”

मी तसेच लिहिले होते. वर्षभर ते कुणाला खटकले नाही.

“सतरा नंबरला चला,” मी आता म्हणाले. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा वर गेला. “मोजून बघू.”

“तासाभरात या,” मार्लूस घड्याळाकडे पाहत म्हणाली. “चार वाजता संचालक येणार आहेत.”

आम्ही गाडीने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कालवे आणि त्यांच्यामध्ये काळी, स्पंजासारखी जमीन. ही जमीन दर वर्षी थोडी खचते. सतरा नंबरची मोजपट्टी कालव्याच्या काठी रोवलेली होती, जुन्या घरांच्या एका ओळीसमोर. ती घरे लाकडी खांबांवर उभी आहेत. खांबांची डोकी पाण्याखाली असली तर लाकूड शतकानुशतके टिकते. पाणी उतरले, डोक्यांना हवा लागली, की काही वर्षांत भुगा. इथे डोक्यांवर जेमतेम पाच सेंटिमीटर पाणी असते.

पलीकडच्या चर्चच्या भिंतीत उंची मोजण्यासाठी ठोकलेला पितळेचा खिळा आहे. चर्च रेतीवर उभे आहे, खचत नाही. मी त्या खिळ्यापासून दुर्बिणीने पट्टीपर्यंत उंची मोजली. मग पुन्हा मोजली.

पट्टी जमिनीबरोबर खाली गेली होती. म्हणजे पाणी खरे असते त्याहून पट्टीवर वर दिसत होते.

“किती?” लुबर्टने विचारले.

“सहा पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटर.”

“सहा. दोन दशांश तुझे.”

मी वहीवर वाकून उभी होते आणि मला ते हळूहळू उमगत गेले. तो रोज पट्टी वाचत होता, मनातल्या मनात सहा वजा करत होता आणि खरा आकडा वहीत लिहीत होता. त्यापुढचा ‘ग’ म्हणजे सुधारलेले. आम्ही तो ‘मोजलेले’ धरला. सर्वेक्षण विभागाकडे खचलेल्या पट्ट्यांची यादी होती. ‘निर्मळ’ने त्या यादीवरून सहा पुन्हा वजा केले. चाळीस वर्षांच्या नोंदी सहा सेंटिमीटरने खाली. नेहमीची पातळी म्हणून ‘निर्मळ’ तीच शिकली होती. उद्यापासून ती पाणी तेवढे खाली उपसून ठेवणार होती.

“पाच उणे सहा,” मी म्हणाले.

“तेवढं गणित मलाही येतं.”

“तुम्हाला माहीत होतं! मी ‘मोजलेले’ लिहिलं तेव्हा तुम्ही बघत होतात.”

“होतो.”

“आणि गप्प बसलात?”

“तू मला काढून टाकणार होतीस,” तो म्हणाला. “मी म्हटलं, बघू या, काढल्यावर काय उरतं.” समोरच्या घरातून एक बाई खिडकीची काच पुसत होती. तिने हात हलवला. त्यानेही हलवला. “घरांचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता. माझाच होता.”

परत आलो तेव्हा मार्लूसने सगळे उभ्यानेच ऐकले.

“म्हणजे सहा आठवडे गेले,” ती म्हणाली. “सगळ्या नोंदी पुन्हा. संचालकांना काय सांगू? कागदाशिवाय मी त्यांच्यासमोर जाणार नाही.”

तिने दोषपत्रक काढले. चाचणी नापास झाली की ते भरायचे असते. त्यात एक ओळ अशी असते जी मोकळी सोडता येत नाही: ‘चुकीचे मूळ’. तीन चौकोन. प्रोग्रामची चूक. गरज नोंदवणाऱ्याची चूक. वापरणाऱ्याने दिलेली चुकीची माहिती. एकावरच खूण करायची. हे पत्रक मीच तयार केले होते. दोघांची मिळून एक चूक असू शकते, हे तेव्हा मला सुचले नव्हते.

“नोर्डहोफसाहेब,” मार्लूस म्हणाली. ती चिडली की आडनावावर यायची. “तुम्हाला निवृत्तीला चार महिने आहेत. तिसऱ्या चौकोनावर खूण झाली तर ती तुमच्या फाईलला लागेल. जाणूनबुजून चुकीची माहिती. निरोप समारंभ वगैरे विसरा. अजून एक रस्ता आहे. तुम्ही हिरवं बटण दाबा, सहा सेंटिमीटरचं आम्ही मागाहून बघतो.”

“मागाहून म्हणजे कधी?”

“उन्हाळ्यानंतर.”

“उन्हाळ्यातच पाणी उतरतं, बाई.”

दुसरा चौकोन, गरज नोंदवणाऱ्याचा, म्हणजे मी. ‘ग’चा अर्थ मी तपासला नव्हता. भिंतीवर चिठ्ठी मी लावली होती. माझी नोकरी पक्की व्हायला दोन आठवडे उरले होते. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ मिळाला. किती ते सांगू शकते, कारण मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत होते. चाळीस सेकंद.

लुबर्टने पेन उचलले. तिसऱ्या चौकोनात फुली मारली. तारीख घातली, सही केली, आणि सहीपुढे बारीक ‘ग’ लिहिला.

“आता हा कशाचा?” मार्लूस ओरडली.

“थाप मारलेली,” लुबर्ट म्हणाला. “लिहून घे, इम्के. या खेपेला बरोबर लिही.”

मग त्याने लाल बटण दाबले.

मार्लूस पत्रक घेऊन संचालकांकडे गेली. कुणीतरी केक बाहेर काढला. सहा आठवडे टिकणार नव्हता. निळी अक्षरे कापून लोकांनी उभ्या उभ्या खाल्ले आणि पाच वाजता सायकली काढून घरी गेले.

मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो वही उघडून बसला होता. सतरा नंबरपुढे त्याने आजचा आकडा लिहिला, सहा वजा करून. पुढे ‘ग’.

“मी सांगायला हवं होतं,” मी म्हणाले.

“हो,” तो म्हणाला.

त्याने थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली आणि खिडकीकडे तोंड करून प्यायला लागला. थर्मासला झाकण एकच असते, हे मलाही कळते. पण माझ्या हातात माझा रिकामा कप होता.