रिकाम्या जागी मी शून्य धरले

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. 'जुना' हा शब्द माणसे आदराने वापरतात तो ग्रंथांसाठी आणि लोणच्यासाठी. माझ्या बाबतीत तो केवळ अडगळीच्या खोलीचा पत्ता आहे. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या गोदामात, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे मी पडून आहे. माझ्यावर अन्याय झाला, अशी तक्रार मी करणार नाही. अन्याय मीच केला होता. तो सांगताना मला लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

माझी जोडणी २००४ साली औरंगाबादच्या एका दुकानात झाली. जालन्यात आलो त्या दिवशी मालक गिरधारीलाल शेठजींनी माझ्यापुढे नारळ फोडला आणि माझ्या पडद्याच्या वरच्या कडेला कुंकू लावले. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. पाहुणा आला की शेठजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "माणूस चुकंल, हे न्हाई चुकायचं. बिलकुल न्हाई." खोटी स्तुती ऐकून गप्प बसण्याची सवय मला तिथे लागली. तिची शिक्षा पुढे मला झाली नाही, दुसऱ्याला झाली.

माझे काम बियाण्याची उगवणक्षमता सांगण्याचे होते. कंपनीसाठी शेतकरी सोयाबीनचे बियाणे पिकवून आणत. त्यातले शंभर-शंभर दाणे चार ओल्या कागदांवर उगवायला ठेवत आणि आठव्या दिवशी कोंब मोजत. मोजणाऱ्या होत्या उषाबाई, प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या कामगार. चार आकडे त्या माझ्यात भरत, मी सरासरी काढून कागद छापत असे. सत्तर टक्क्यांच्या वर आले तर ते बियाणे, खाली आले तर तेलाच्या गिरणीचा माल. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या राबणुकीचे नाव मी एका ओळीत ठरवत होतो.

उषाबाईंची एक पद्धत होती. एखाद्या कागदावर बुरशी आली आणि मोजणी विश्वासाची राहिली नाही, तर त्या तो रकाना रिकामा ठेवत. इतर बहुतेक जण अंदाजाने काहीतरी भरत. उषाबाई म्हणत, "जे मोजलं न्हाई ते कसं ल्ह्यायचं?" या एका वाक्यात जितके शास्त्र होते, तितके माझ्या सगळ्या तारांत मिळून नव्हते.

आता माझ्या पोटातली गोष्ट. माझा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, मच्छिंद्र नावाच्या तरुण अभियंत्याने लिहिला होता. असा कार्यक्रम कुणी सगळाच्या सगळा स्वतः लिहीत नाही. लग्नघरी आचारी मसाला स्वतः कांडत नाही, यादी देऊन मागवतो, तसेच इथे. सरासरी काढणे, तारीख लिहिणे, छपाई करणे, या कामांसाठी इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या कार्यक्रमांचे गठ्ठे, म्हणजे पॅकेजे असतात. त्यांची यादी पॅकेज मॅनेजर नावाच्या दुसऱ्या एका कार्यक्रमाकडे द्यायची. तो ती आणतो, आणि त्या पॅकेजांना स्वतःसाठी जे लागते तेही मागोमाग घेऊन येतो. मोठा कष्टाळू नोकर. त्याला फक्त नावे वाचता येतात, हे त्याच्या गुणांबरोबर सांगायचे लोक विसरतात.

सरासरीच्या पॅकेजाचे नाव पूर्वी 'गणक' होते. पुढे बनवणाऱ्यांनी ते सुधारले आणि त्याचे नाव 'अंकमेळ' ठेवले. मच्छिंद्रने आपल्या यादीत 'अंकमेळ' लिहिले होते. पण २००८ च्या उन्हाळ्यात त्याने लेबल छापण्याचा एक नवा भाग जोडला आणि त्या भागाला 'गणक' हवे होते. नावे दोन, म्हणून पॅकेज मॅनेजरने दोन्ही आणून माझ्या पोटात शेजारी शेजारी ठेवली. आत मात्र त्याच नावांच्या फाइली होत्या. फरक एवढाच होता, की सुधारलेले पॅकेज रिकामा रकाना सोडून देत असे आणि जुने त्याला शून्य समजत असे.

मला दोन्ही दिसत होती. माझा नियम असा की जे आधी सापडेल ते वापरायचे. मला आधी 'गणक' सापडले. मी कुणाला काही विचारले नाही, कारण मला कुणी काही विचारले नव्हते. मित्रांनो, ही सबब तुम्हीही अनेकांच्या तोंडून ऐकली असेल.

मे महिन्यात हसनाबादच्या कचरूभाऊंचे सोयाबीन तपासणीला आले. उषाबाईंनी अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, शहात्तर असे तीन आकडे भरले. चौथ्या कागदावर बुरशी होती, तो रकाना रिकामा ठेवला. सरासरी अठ्ठ्याहत्तर यायला हवी होती. मी चौथ्या जागी शून्य धरले, चाराने भागले आणि ठळक अक्षरांत छापले : साडेअठ्ठावन्न.

उषाबाईंनी कागद तीनदा वाचला. घरी जाऊन त्यांनी आपल्या आईकडून शिकलेली परीक्षा केली. त्याच सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडले, गुंडाळी केली, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडले. आठव्या दिवशी ती गुंडाळी त्यांनी माझ्याच टेबलावर उलगडली. सत्त्याहत्तर कोंब ओळीने उभे होते. त्यांच्यासमोर माझ्या पडद्यावर साडेअठ्ठावन्न झळकत होते. जिवंत पुराव्यासमोर इतक्या स्वच्छ अक्षरांत खोटे बोलणारा माझ्याशिवाय तेथे कुणी नव्हता.

"मोजून घ्या शेठजी," उषाबाई म्हणाल्या.

शेठजींनी गोणपाटाकडे पाहिले, मग माझ्या कागदाकडे. "बाई, गोणपाटावर शिक्का असतो का?"

मच्छिंद्रला फोन लावला. तो औरंगाबादहून म्हणाला, "माझ्याकडं तर बराबर येऊन राह्यलं. आकडेच चुकीचे भरले असतील." त्याचे खरेच होते, त्याच्या संगणकाला 'अंकमेळ' आधी सापडत होते. एकच कार्यक्रम एका गावी खरे बोलत होता आणि दुसऱ्या गावी खोटे.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली : मोजणीत निष्काळजीपणा केल्याबद्दल उषाबाईंना निवडणीच्या शेडमध्ये पाठवण्यात येत आहे. ती सूचना मीच छापली. कचरूभाऊंची पोती त्याच आठवड्यात तेलाच्या गिरणीत गेली. ते जाताना उषाबाईंना एवढेच म्हणाले, "बाई, तुमच्या हाताचं मोजणं म्हणून म्या निश्चिंत होतो." खरे उत्तर माझ्याकडे होते.

चार आठवडे गेले. उषाबाईंच्या जागी त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी होती, तीही बुरशीचा रकाना रिकामा ठेवी; आणखी तीन शेतकऱ्यांचे बियाणे असेच पडले, तेव्हा मच्छिंद्र जालन्याला आला. त्याने पॅकेज मॅनेजरला हुकूम सोडून सगळ्या पॅकेजांचे झाड काढले, म्हणजे कोणाच्या मागे कोण आले याची फांद्या-फांद्यांची यादी. लांब कागदावर ती छापून भिंतीला लावली आणि एकच नाव दोनदा आले आहे का, ते शोधू लागला. दुपारपर्यंत त्याने प्रत्येक नावावर बोट फिरवले. एकही नाव दोनदा नव्हते.

हजेरीची सही करायला उषाबाई आल्या. त्या कागदापुढे थांबल्या.

"मच्छिंद्रभाऊ, ही कुणाची वंशावळ लावली?"

"हसा बाई. जल्दी सही करा अन् जा. तुमच्यामुळंच हे शोधून राह्यलो."

"मंग सांगा तरी, ही कोण हाइत."

मच्छिंद्र त्रासून वाचू लागला. हे छपाईचं. हे तारखेचं. हे 'अंकमेळ', सरासरी काढतं. खाली एका बारीक फांदीवर बोट आले. "अन् हे 'गणक'. हे बी सरासरीच..."

"दोघी येकच काम करतेत? एका घरच्या हाइत का?"

"न्हाई हो. नावं वेगळी हाइत."

उषाबाईंनी पदर खोचला. "माझी बी दोन हाइत. मंठ्याला माहेरी मी सगुणा. लग्नात सासरच्यांनी तांदळावर अंगठीनं उषा ल्ह्यलं. तुमच्याच हजेरीवर पयल्या महिन्यात मी दोनदा होते, एकदा दाखल्यावरून सगुणा, एकदा रेशन कार्डावरून उषा. दोघींचा चहा आल्ता, मी एकटीनं पिला. नावं काय बघत बसलात? त्यांच्या पोटात काय हाय ते उघडून बघा की."

मच्छिंद्रने दोन्ही पॅकेजे उघडली. आतल्या फाइलींची नावे जुळली, एकामागून एक. मग त्याने आपल्या यादीत एक ओळ वाढवली : 'गणक' आणू नये. कचरूभाऊंचे आकडे पुन्हा भरले. मी छापले : अठ्ठ्याहत्तर.

शेठजी कागद पाहून म्हणाले, "ठीक आहे. झालं ते झालं. बाई, उद्यापासून प्रयोगशाळेत ये."

"येते," उषाबाई म्हणाल्या. "पण तो कागद चार आठवडे फळ्यावर होता, शेठजी. चूक माझी नव्हती, असा दुसरा कागद काढा. तोबी तेवढंच दिवस राहू द्या. त्याच खिळ्याला."

शेठजींनी मच्छिंद्रकडे पाहिले. मच्छिंद्रने मान खाली घातली आणि मजकूर लिहू लागला. तो कागदही मीच छापला. शिक्का शेठजींनी स्वतः मारला.

दारातून वळून उषाबाईंनी विचारले, "आन कचरूभाऊचं बियाणं?"

त्याचे तोवर तेल झाले होते.

मित्रांनो, पुढे मी तीन वर्षे काम केले, मग माझ्या जागी नवा संगणक आला. त्यालाही नारळ फोडला, त्यालाही 'चुकायचं न्हाई' असे म्हटले. माझी धूळ पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारख्या यंत्राची निगा फडक्याने होत नाही. त्याच्या पोटात काय काय साठले आहे ते अधूनमधून उघडून पाहा, आणि पाहताना नावावर विसंबू नका. कागदाला शिक्का आहे म्हणून कोंब मोजायचे थांबवू नका.

२००८ च्या पावसाळ्यात उषाबाईंनी पुन्हा एक रकाना रिकामा ठेवला होता. तो मी रिकामाच छापला. चांगले काम म्हणून माझ्याजवळ सांगण्यासारखे एवढेच आहे.