श्रेयाची ओळ

मित्रांनो, मी लालबागच्या एका चाळीतला जुना फळा आहे. चौकट सागवानी, डाव्या कोपऱ्यात एक भेग. शाळा बंद पडली तेव्हा गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत आलो.

तिथं कौसल्याबाई रविवारी धर्माचा वर्ग घेत. श्लोक पाठ होतील म्हणून लोकांनी पोरं धाडली. बाईंनी माझ्यावर मधोमध रेघ मारली.

"इकडे लिहा, देवाची कामं कोण करतं. तिकडे, पूजेला कोण बसतं. घरी बघून यायचं."

पुढच्या रविवारी डावी बाजू भरून गेली. वाती आई, समया आजी, नैवेद्य काकी. उजवीकडे बाबा, काका, भटजी.

"आमच्याकडे देवच नाय!" बौद्ध घरातली वैशाली ऐटीत म्हणाली.

"मग वंदना कोण सांगतं?"

"बाबा."

"आणि खीर?"

वैशालीनं खडू उचलला आणि डावीकडे लिहिलं, 'खीर आई'.

बाईंचा एक नियम होता. मुलानं लिहिलेलं मुलानंच पुसायचं.

त्या दिवशी तेरा वर्षांची श्रेया मागे रेंगाळली. कोपऱ्यात तिनं लिहिलं, 'मला पाळी आली होती. कुणाला सांगितलं नाही. गणपतीचे मोदक वळले. काहीच झालं नाही.'

ती गेल्यावर बाईंनी वाचलं. हात डस्टरकडे गेला, नियम आठवला, मागे आला. कुलूप लावून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे चिटणीस हेरंब झांजा न्यायला आले. श्रेयाचे सख्खे काका. अक्षर लगेच ओळखलं.

संध्याकाळी खोली माणसांनी भरली. काकांनी श्रेयाच्या हाती ओलं फडकं दिलं.

"लिहिलंस ना? आता पूस. बाईंचाच नियम आहे."

"हेरंबभाऊ, चूक माझी. मी पुसते." बाई पुढे झाल्या.

"तुम्ही बोलूच नका. आमचं घर बाटवलंत."

"काय करून बसलंस गो ह्यां!" श्रेयाची आजी पदरात तोंड खुपसून रडत होती.

श्रेयानं पुसलं. भेगेत अडकलेला खडू निघेना, तो काकांनी तिला नखानं कोरून काढायला लावला.

वर्ग तिथंच संपला. मला तेलरंग फासून वर आरतीच्या वेळा रंगवल्या. आता माझ्यावर खडू उमटत नाही. श्रेया नैवेद्याचं ताट घेऊन खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येते. मोदक अजून तीच वळते. कुठल्या चार दिवसांत वळायचे नाहीत, त्याची खूण आजी कॅलेंडरवर करून ठेवते.

मित्रांनो, फळा पुसण्यासाठीच असतो, त्याचं मला दुःख नाही. पण आधी वाचत जा. आणि फडकं कुणाच्या हातात देताय, तेवढं बघा.